मिठाचा खड्डा

आमच्या गावात जेवणाचं ताट सोडलं तर 'मीठ' हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. कृष्णाकाठची काळी जमीन. उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी दिलं आणि पोटातले क्षार वर आले. रानात पांढरा पापुद्रा दिसला की लोक म्हणतात, "मीठ फुटलं." आमच्या खालच्या तुकड्यात ते मी शाळेत असतानाच फुटलं. तिथं आता लव्हाळ्याशिवाय काही येत नाही. राहिलेल्या उसावर माझ्या वडिलांनी, आण्णांनी, मला सांगलीला ठेवून शिकवलं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.

आणि मीच आण्णांना घरामागे मीठ पुरायला सांगितलं, तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले.

त्याचं कारण माझी नोकरी. पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी गावी बसून करते. आई-आण्णांना दोघांनाच ठेवायचं मन होईना, म्हणून परत आले. सगळं काम एका संगणकावर. मागच्या उन्हाळ्यात वळवाच्या कडकडाटात तो जळाला. वीज कुठं पडली कळलं नाही, पण तारेवरून दाब आला, घरातला दिवा एकदम पांढराफटक उजळला आणि करपल्याचा वास सुटला. कंपनीनं दुसरा संगणक पाठवला. साहेब फोनवर शांतपणे म्हणाले, "पुन्हा असं झालं तर तुम्हाला इथं ऑफिसात येऊनच बसावं लागेल."

आईला सांगितलं तर म्हणाली, "जाशील की. तिकडं सुकात ऱ्हा." आणि भाकरी थापायला बसली. तिची भाकरी कधी चिरत नाही. त्या दिवशी चिरली.

तासगावहून मी चांगल्यातला स्पाइकगार्ड आणला. लावताना शाळेतले विज्ञानाचे सर आठवले. फुटक्या प्लगची तिसरी पिन वर धरून ते विचारायचे, "ही लांब आणि जाड का?" मग स्वतःच सांगायचे, "ती आधी पोचते. जादाचं आलं तर जमिनीत नेऊन सोडायचं काम तिचं." माझ्या मनात आलं, आपल्या घरातली तिसरी पिन पोचते कुठं? वायरमनला बोलावून बोर्ड उघडायला लावला. तिसऱ्या भोकामागं तारच नव्हती.

"शोभंला हाय ते," वायरमन हसला. "निम्म्या गावाचं आसंच हाय, ताई."

म्हणजे स्पाइकगार्डनं दाब अडवला तरी तो सोडायला वाट नव्हती. अर्थिंग करणं आलं. खड्डा, त्यात पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, आणि पाइपापासून बोर्डातल्या तिसऱ्या भोकापर्यंत तार.

"काय म्हनलीस? मीठ?" आण्णा म्हणाले. "आगं, जमिनीतलं मीठ काढायला लोकं चर खणत्यात. आन तू पोत्यानं घालनार? कालिजात ह्येच शिकीवलं व्हय?"

"आण्णा, ओल्या मिठातनं वीज लवकर जमिनीत उतरते."

"उतरू दे की कुटं बी. आमच्याच जमिनीत कशापायी?"

आई आतून म्हणाली, "आवं, आख्खा तुकडा गेला तवा गप बसला. आता हातभर जागंसाठी भांडताय? पोरगी गेल्यावर तितं काय मोत्याचं पीक घ्यायचंय?"

आण्णा उठले आणि कुदळ घेऊन मागं गेले. जागा त्यांनीच निवडली, कढीपत्त्यापासून लांब. मिठाचं पोतं मात्र मला ओतायला लावलं.

वायरमननं पाइप उभा केला तेव्हा आई बघायला आली. विजा कडाडू लागल्या की ती अंगणात लोखंडी पहार टाकते. मग वीज घरात शिरत नाही, असं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. पाइपाकडं बघत ती म्हणाली, "मग ही पहारच की! मी आडवी टाकती, तुमी उभी पुरली. एवढ्यासाठी सांगलीला गेलीवतीस व्हय गं?"

वायरमन इतका हसला की त्याच्या हातातली पक्कड खड्ड्यात पडली.

एक अडचण राहिली. वळीव येतो तो जमीन सगळ्यात कोरडी असताना, आणि कोरडं मीठ फारसं कामाचं नाही. उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालावं लागेल, असं मी सांगितलं. आण्णा कुदळीची माती झटकत होते.

यंदा वळीव आला तेव्हा मी तासगावात होते. निघताना इंटरनेटची केबल काढली होती, संगणकाचा प्लग तसाच राहिला. आभाळ काळं झालं. घरी फोन लागेना. एसटीत बसल्यावर गावाच्या अंगाला वीज लखलखताना दिसली आणि मी मनातल्या मनात पुण्याला जायची बॅग भरायला घेतली.

घरी आले तर अंगणात पहार पडलेली. शेजारच्या काकूंचा टीव्ही गेला होता. माझ्या स्पाइकगार्डचा हिरवा दिवा विझला होता, म्हणजे दाब आमच्याकडंही आला होता. संगणक दुसऱ्या सॉकेटला लावून बटण दाबलं. पडदा काळाच राहिला, मग उजळला.

"बग," आई म्हणाली. "येळंला टाकली पहार."

मी मागं गेले. पाऊस जेमतेम शिंतोडला होता, अंगणातली माती वरवर भिजलेली. खड्डा मात्र खोलवर ओला होता आणि शेजारी बादली उपडी ठेवलेली.

"आभाळ दाटलं तवाच वतलं पानी," आण्णा म्हणाले. "लागतंय म्हनलीवतीस न्हवं?"

नवा स्पाइकगार्ड आणला. वीज थेट घरावर पडली तर यातलं काहीच पुरणार नाही, हे मला माहीत आहे; म्हणून ढग दिसले की प्लगही काढते. पण आम्ही तिघं अजून एका घरात आहोत.

खड्ड्याभोवती आता पांढरा पापुद्रा दिसायला लागलाय. परवा आण्णा तिथं पाणी घालत होते. मी भीतभीतच म्हणाले, "आण्णा, मीठ फुटलंय."

त्यांनी बादली पुरती रिकामी केली.

"फुटू दे," ते म्हणाले.