पाटलांच्या रेकॉर्डमधला हरवलेला तबला

"मिस्त्री, हिच्यातला तबला कुठं गेला?" आष्टीच्या पाटलांनी रेकॉर्ड माझ्या नाकासमोर धरली. "पेटी न्हाई, सारंगी न्हाई. नुसती बाई गाऊन राह्यली. अर्धा माल दुकानातच उतरून घेतला काय?"

तेव्हा निजामाचं राज्य होतं. जालन्यात एका मारवाडी शेटजींच्या दुकानात मी ग्रामोफोन रिपेअर करायचो. नव्या मशीनबरोबर शेटजी एक रेकॉर्ड फुकट द्यायचे. मुंबईच्या पार्सलात चुकून आलेली, कोणी हात न लावलेली एक रेकॉर्ड त्यांनी पाटलांच्या गळ्यात मारली. लेबलवर ब्राझील लिहिलं होतं. एक बाई, एक गिटार, बस्स. त्या फुकटच्या रेकॉर्डपायी पाटलांनी अख्खं मशीनच परत करायचं काढलं. शेटजी मला म्हणाले, "जल्दी आष्टीला जा. मशीन वापस आली, तर तू वापस येऊ नको."

दुसरं ग्रामोफोनचं दुकान जालन्यात नव्हतं आणि दुसरं काम मला येत नव्हतं.

म्हणून मी पाटलांच्या वाड्यात आलो होतो. मी रीतसर सुरुवात केली. सुई बदलली. साउंडबॉक्स, म्हणजे सुईची थरथर मोठी करणारी गोल डबी, उघडून पुसली. चावी भरली. बाई पुन्हा एकटीच गायली.

"पाटील, मशीनमधे बिघाड न्हाई. रेकॉर्डच अशी भरलेली हाये."

"असं कसं? आमच्या दारी भिक्षेकरी आला तरी एकतारीसंगं चिपळ्या असतात. ही बाई एवढ्या दुरून आली, अन् संगतीला एकच माणूस?"

माझ्या डोळ्यांपुढे नोकरी. तोंडातून निघून गेलं, "मंग संगत आपण देऊ."

गावची भजनी मंडळी आली. पखवाज, पेटी, सहा टाळकरी. मी सुई टेकवली. पहिल्या ओळीलाच टाळांनी बाईला गाठलं, दुसऱ्या ओळीला मागं टाकलं. तीन मिनिटांत रेकॉर्ड संपली, पण मंडळी रंगात आलेली, थांबेनात.

"बाई ताल सोडून राह्यली," पखवाजवाला कुरकुरला.

पाटलांनी मला हुकूम सोडला, "तिला जरा हळू घ्यायला सांगा."

मशीनला वेगाचा एक स्क्रू असतो. तो फिरवून मी रेकॉर्ड पुन्हा लावली. बाईचा आवाज उतरत उतरत एखाद्या मिशीवाल्या गड्यासारखा झाला. मंडळी खूश!

"आता बराबर!" पाटलांनी मांडीवर थाप मारली. मला स्वतःचीच लाज वाटली. पण पोटासाठी पुन्हा चावी भरली.

तेवढ्यात माजघराच्या दारातून पाटलीणबाई म्हणाल्या, "ते टाळ ठेवा खाली. अन् मिस्त्रीदादा, त्या बाईचा आवाज तिला परत द्या."

मी स्क्रू जागेवर आणला आणि सुई पुन्हा टेकवली. या वेळी कोणी काही वाजवलं नाही. बाई एका शब्दावर रेंगाळली. पुढची ओळ गायच्याऐवजी नुसती बोलली. मग तिनं श्वास घेतला, तोही ऐकू आला, आणि तेवढा वेळ गिटार तिच्यासाठी थांबली. सकाळपासून ती रेकॉर्ड मी दहा वेळा वाजवली होती, ऐकली मात्र आत्ता. अक्षर कळलं नाही. पण रेकॉर्ड संपली तरी सुई उचलायचं मला सुचलं नाही.

"पण तबला..." पाटील पुटपुटले.

"पंधरा साल झाले, रोज पहाटे जात्यावर गाते मी," पाटलीणबाई म्हणाल्या. "माह्या संगतीला कवा पखवाज धाडला व्हता?"

पाटलांनी खाली ठेवलेले टाळ स्वतः उचलून कोपऱ्यात सरकवले. मग म्हणाले, "मिस्त्री, मशीन इथंच राहू द्या."

माझी नोकरी वाचली. महिन्याभरानं पाटलांची चिठ्ठी आली: त्याच बाईची दुसरी रेकॉर्ड पाहिजे, संगतीला कोणी नसलं तरी चालेल. शेटजींनी कपाळाला हात लावला.

पुढे कुठूनही कंप्लेंट आली की मी आधी विचारायचो, घरात गातं कोण? मशीन त्यानंतर उघडायचो.