पिशवीच्या तळाचं मूळ

वसुधाताई गेल्याचं मला लॅबच्या भिंतीवरच्या फोनवर कळलं. मंगळवारची सकाळ होती. एका हाताचा हातमोजा काढून मी फोन घेतला. समोर काका होते, त्यांचे यजमान. आवाज नेहमीसारखाच, जणू आज ती उशिरा येईल एवढंच सांगायला फोन केलाय. "वसू गेली गं. पहाटे." मी म्हणाले, "ओके." बस, एवढंच. मग काकाही "ठीक आहे" म्हणाले आणि फोन ठेवला गेला. मी परत हातमोजा चढवला आणि समोरच्या काचेच्या नळीतून थेंबथेंब उतरणारं द्रावण पाहत राहिले. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. बोलायच्या वेळी माझ्या तोंडून योग्य शब्द निघत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. पण वसुधाताईंच्या बाबतीत मी ते दोनदा केलं, आणि त्यातली पहिली वेळ जास्त महाग पडली. ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

चौऱ्याऐंशी साली मी पीएचडीसाठी शिकागोला आले, तेव्हा वसुधाताई आमच्या लॅबमध्ये सतरा वर्षं काम करत होत्या. मूळच्या नागपूरच्या. प्रोफेसर कधीच झाल्या नाहीत. 'सीनिअर रिसर्च असोसिएट' या नावाखाली राहिल्या. आमचं काम समजायला सोपं आहे, करायला नाही. चिनी वैद्य शेकडो वर्षं वापरत आलेल्या वनस्पती घ्यायच्या, त्यांचा अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, आणि प्रत्येक भाग वरच्या मजल्यावर पाठवायचा. तिथे तो ल्युकेमियाच्या पेशींवर घालून बघतात. ज्या भागाने पेशी मरतात, त्याचे पुन्हा भाग पाडायचे. असं करत करत शेवटी एकच शुद्ध पदार्थ हाती लागला, तर लागला. वसुधाताई म्हणायच्या, "गवताच्या गंजीत सुई शोधायची असती तर सोपं होतं. इथे आधी कोणती गंजी तेच शोधायचं असतं."

आमच्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो, म्हणून त्यांनी मला ताब्यात घेतलं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून माझ्यासाठी डाळ-तांदूळ आणायच्या, माझ्या प्रयोगाच्या काचपट्ट्यांवरचे डाग तपासायच्या, आणि मी गप्प बसते म्हणून वैतागायच्या.

"तुमच्या कॉन्व्हेंटात बोललं की शिक्षा व्हायची का गं?"

"हो. मराठी बोललं की."

"अरे बाप्पा! मग इंग्रजीत तरी बोल की. इथे कोण मारणार आहे तुला?"

यावर मी नुसतीच हसले.

मी येऊन तिसरा आठवडा चालू होता. चायनाटाऊनमधल्या एका औषधाच्या दुकानातून वसुधाताईंनी एका वेलीच्या वाळलेल्या मुळांच्या चकत्या आणल्या, मोठी कागदी पिशवी भरून. वेलीचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण त्या नावानेच घोटाळा केला. त्यांची एक शिस्त होती. कुठलीही वनस्पती दळायच्या आधी तिची एक मूठ छोट्या बरणीत काढून ठेवायची, वर चिठ्ठी लावायची, म्हणजे पुढे शंका आली तर वनस्पतिशास्त्रज्ञाला दाखवता येते. तशी मूठ त्यांनी पिशवीच्या तोंडाशी हात घालून काढली, आणि बाकीचं दळायला माझ्याकडे दिलं. मी तळघरातल्या चक्कीवर बसले. चकत्या फिकट पिवळ्या होत्या, मधोमध चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. अर्धी पिशवी संपल्यावर मधूनच वेगळ्या चकत्या यायला लागल्या. काळपट, बारीक, आऱ्या नसलेल्या. दहात एखादी. तळाशी जरा जास्त. मी एक हातात घेऊन पाहिलीसुद्धा... आणि चक्कीत टाकली. मला वाटलं, जुनी असेल. मला वाटलं, सतरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईला हे माहीतच असणार, तीन आठवड्यांच्या मुलीने काय सांगायचं? वर गेल्यावर त्यांनी विचारलं, "सगळं ठीक?" मी म्हणाले, "हो."

त्या भुकटीचा अर्क जबरदस्त निघाला. सातव्या भागाने पेशी अशा मारल्या की वरच्या मजल्यावरची तंत्रज्ञ स्वतः खाली आकडे घेऊन आली. पुढचे चार महिने वसुधाताई त्या भागाच्या मागे होत्या. शेवटी हाती आले चार मिलिग्रॅम पांढरे, सुईसारखे स्फटिक. कागदावर ठेवले तर फुंकरीने उडाले असते. यंत्रावर त्यांचे आलेख काढले. रचनेचा निम्मा भाग उलगडला आणि तो कुठल्याच ज्ञात पदार्थाशी जुळेना. वसुधाताई आलेखाचा लांब कागद टेबलावर पसरून दोन्ही हात त्यावर ठेवून उभ्या राहिल्या, आणि मला म्हणाल्या, "हा आपला आहे." सतरा वर्षांत दुसऱ्यांच्या निबंधांत त्यांचं नाव चौथं, पाचवं येत आलं होतं. हा पहिला पदार्थ त्यांचा होता. उरलेली रचना सोडवायला आणखी माल हवा होता, एवढंच.

दुसरी पिशवी आणली. काहीच नाही. तिसरी आणली, मोठी. काहीच नाही. बरणीतली मूठ वनस्पतिशास्त्रज्ञाला दाखवली. तो म्हणाला, बरोबर वेल आहे, शंकाच नाही. दरम्यान ते चार मिलिग्रॅम द्रावणात हळूहळू विघटित झाले. पदार्थ गेला, आलेख राहिले. आणि मग लॅबच्या शुक्रवारच्या मीटिंगमध्ये आमचे प्रोफेसर फार सौम्यपणे म्हणाले, कदाचित एखादं भांडं नीट धुतलं गेलं नसेल. शेजारच्या टेबलावर तेव्हा एका विषारी पदार्थावर काम चालू होतं. वसुधाताई स्वतःची भांडी कुणाला धुवू देत नसत. शेवटचं पाणी काचेवरून अखंड पडद्यासारखं उतरलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून धुवायच्या. मीटिंगनंतर पॅसेजमध्ये एवढंच म्हणाल्या, "मला घाणेरडी म्हणाला तो." त्यांच्या मागे मी उभी होते, आणि तोवर मला समजलं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिशवीत काळपट चकत्या नव्हत्या.

तेव्हा का नाही सांगितलं? हा प्रश्न मी इतक्या वेळा स्वतःला विचारलाय की आता त्याची चीड येते. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर ती नवख्या मुलीची चूक ठरली असती. सहाव्या महिन्यात तो अपराध झाला. वर्षभराने तर मी कुठून सुरुवात करणार होते? त्या चौथी पिशवी आणायच्या, पाचवी आणायच्या, निवडक, स्वच्छ, खात्रीच्या मुळांची. जितकी खात्रीची, तितकी निरुपयोगी. आणि मी ती दळून द्यायचे. दोन वर्षं त्यांनी स्वतःच्या हातांवर संशय घेतला. एकदा तर जुनी सगळी भांडी काढून टाकून नवी मागवली.

त्यांना पोटाचा कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. हॉस्पिटलमध्ये मी दर रविवारी जायचे. तिसऱ्या रविवारी काका कॉफी आणायला खाली गेले आणि मी सांगितलं. सगळं, सलग, खाली बघून. वर पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपल्या.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मूग गिळून बसलीस?"

मी चादरीची कड बोटांत गुंडाळत राहिले.

"आत्ता तरी बोल ना, बाई! साल कशी होती? गुळगुळीत की सुरकुतलेली?"

"आठवत नाही."

"मोडल्यावर तंतू निघाले? वास? बोटाला रंग लागला?"

"ताई, आठवत नाही. सॉरी."

"सॉरी काय करू घेऊन? वासाचं सांग." त्या उठून बसायला बघत होत्या आणि सलाईनची नळी ताणली जात होती. दमून पुन्हा उशीवर पडल्या. मला वाटत होतं, त्या आता म्हणतील, जाऊ दे गं... माणसं शेवटी असं म्हणतात असं मी ऐकलं होतं. वसुधाताई तसं काही म्हणाल्या नाहीत. "मला सांगून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी मीटिंगमध्ये सांग. सगळ्यांसमोर."

त्यानंतर दोन शुक्रवार आले. दोन्ही वेळा मी वही उघडून बसले आणि मिटून उठले. दुसऱ्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी काकांचा फोन आला.

विभागाच्या कॉफीच्या खोलीत शोकसभेला सगळे जमले, चांगलं बोलले. काका पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते, प्रत्येक इंग्रजी वाक्यानंतर मान डोलावत. पुढच्या महिन्यात प्रोफेसरांनी वार्षिक अहवालाचा मसुदा माझ्याकडे दिला, रचनांच्या आकृत्या काढायला. अकराव्या पानावर टाइप केलेलं होतं: पहिल्या अर्कातील परिणाम बहुधा अस्वच्छ भांड्यामुळे. त्या एका ओळीत त्यांची वीस वर्षं बसवली होती. अहवाल छापला की ते कायमचं.

त्या शुक्रवारी मी हात वर केला. माझा आवाज इतका बारीक होता की प्रोफेसरांना दोनदा "पुन्हा सांग" म्हणावं लागलं. तिसऱ्या वेळी मी उभी राहिले. चक्की, पिशवी, काळपट चकत्या, "सगळं ठीक?", "हो". कुणी रागावलं नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं. प्रोफेसरांनी चष्मा काढला.

"त्यातली एखादी चकती आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"मग ही नुसती गोष्ट झाली. पुरावा नाही. मी काय लिहू?"

"लिहा की भांडं स्वच्छ होतं," मी म्हणाले. "आणि मी पाहिलं होतं."

त्यांनी वाक्य बदललं. आता तिथे आहे: मूळ मालात दुसऱ्या वनस्पतीची भेसळ असण्याची शक्यता आहे. 'शक्यता आहे'. ते दोन शब्द काढायला लावण्यासाठी मी अजून भांडते आहे. चायनाटाऊनच्या त्या दुकानात तीनदा जाऊन आले. गल्ल्यावरच्या आजीबाईंनी खांदे उडवले. माल हाँगकाँगहून येतो, त्या नावाने चार गावांत चार वेगळी मुळं विकतात, त्या वर्षी कुठल्या गावचा आला कोण जाणे. मी त्यांच्याकडून सुट्या, उरल्यासुरल्या मुळांची पुडकी आणते आणि दळायच्या आधी वर्तमानपत्रावर पसरून एकेक चकती वेगळी करते. ती काळपट चकती अजून मिळाली नाही.

वसुधाताईंना हवं होतं ते उत्तर मी त्या हयात असताना देऊ शकले नाही. आता रोज थोडं थोडं आठवायचा प्रयत्न करते. खरं काय आणि मनाने भर घातलेलं काय, हे वेगळं ठेवायचं, हे त्यांनीच शिकवलं. जे नक्की आहे ते असं: चकती अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. साल काळपट तपकिरी, उभ्या सुरकुत्यांची. आतून करडी, मध्ये आऱ्या नाहीत. वजनाला हलकी. चक्कीत टाकल्यावर पिवळ्या चकत्यांपेक्षा कोरडा, कडक आवाज. त्या दुपारी हात धुताना उजव्या तर्जनीवर फिकट तांबूस डाग होता. तो या मुळाचा होता की नाही, सांगता येत नाही.

वास आठवत नाही.