देवापुढचे दहा रुपये

आमच्या गावातून आटपाडीला जायला सकाळी एक एसटी असते आणि ती आधीच भरून येते. मी कॉलेजला होते तेव्हाही असंच होतं. वडील सैन्यात, आई शेतात. मी फाट्यावर उभी राहायची आणि जे येईल त्याला हात करायची. दुधाचा टेंपो, डाळिंबाची पिकअप, कुणाची मोटारसायकल. फौजीची पोरगी म्हणून कुणी कधी भाडं मागितलं नाही. आई मात्र पिशवीत मूठभर शेंगा, दोन लिंबं असं काही ना काही घालून द्यायची. रिकाम्या हातानं उतरायचं नसतं, असं तिचं म्हणणं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ती पदवी मला दुसऱ्यांच्या गाड्यांत बसून मिळाली, हे मी विसरले नाही. वडील तर मुळीच विसरले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सात माणसं बसतील अशी डिझेल गाडी घेतली. घरात आम्ही तिघं, त्यातली मी साताऱ्याला नोकरीला. एवढी मोठी गाडी कशाला, असं आईनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “गावानं माझी पोरगी पोचवली. आता मी गाव पोचवतो.”

आणि ते पोचवत राहिले. आटपाडीत काम असो नसो, सकाळी त्यांची गाडी फाट्यावर थांबायची. दवाखान्याचे, तहसीलचे, बाजाराचे, सगळे त्यात. पैसे घ्यायचे नाहीत हा त्यांचा नेम आणि फुकट बसायचं नाही हा गावाचा. पहिले काही दिवस यावरून रोज हुज्जत झाली. मग शेजारच्या आक्कांनी तोड काढली. आक्का बाजारात अंडी आणि दोडका विकतात, वय ऐंशीच्या घरात. गाडीत पुढं सिद्धनाथाची पितळी मूर्ती बसवलेली होती. आक्कांनी उतरताना दहाची नोट तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, “तुला न्हाई दिली रं. देवाला दिली.” वडिलांनी ती तिथंच राहू दिली. मग सगळेच तसं करू लागले. साठलेले पैसे वडील अमावस्येला खरसुंडीला जाऊन सिद्धनाथाच्या देवळातल्या पेटीत टाकून यायचे.

गाडी बिघडली ती सांगलीला जाताना, एका चढावर. काटा लाल रेघेच्या वर गेला, मागून पांढरा धूर येऊ लागला. वडिलांनी लगेच गाडी बंद केली आणि दुसऱ्या गाडीला बांधून माधवनगरच्या पुढच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मेकॅनिकनं इंजिनातलं ऑइल बघितलं, तर ते दुधाच्या चहासारखं झालेलं. हेड गॅस्केट गेलं होतं. इंजिनाच्या दोन भागांमध्ये दाबून बसवलेला तो पातळ पत्रा. तो फाटला की पाणी आणि ऑइल एकमेकांत शिरतं आणि इंजिन उघडल्याशिवाय इलाज राहत नाही. वडील निर्धास्त होते. गाडी वॉरंटीत होती, सगळ्या सर्व्हिसिंग तिथंच वेळेवर झालेल्या.

आठवडाभरानं नकार आला. कारण असं की गाडी खासगी, पांढऱ्या पाटीची, पण वडापला वापरली. भाड्यानं माणसं नेली की वॉरंटी जाते. पुरावा म्हणून फोटो होते. घासलेल्या मॅट, टपावरचं कॅरिअर, आणि सिद्धनाथासमोर पडलेल्या चुरगळलेल्या नोटा.

वडिलांनी मला फोन केला तेव्हा खर्चाचा विषय काढलाच नाही. “मी वडाप करतो असं लिहिलंय त्यांनी,” एवढंच दोनदा म्हणाले. हा माणूस लष्करी कॅन्टीनमधली स्वस्त वस्तूसुद्धा दुसऱ्याला जास्त किमतीला देत नसे. त्यांना तो शब्द पुसून हवा होता.

मी कंपनीला इंग्रजीत अर्ज लिहिला. चार वेळा लिहिला. शेवटी कळवलं गेलं की कंपनीचे अधिकारी अमुक दिवशी येणार आहेत, गाडीत बसणाऱ्यांपैकी कुणी येऊन सांगणार असेल तर ऐकून घेतील. वडिलांनी आक्कांना विचारलं. त्या ठेवणीतलं इरकल नेसून, डोक्यावरून पदर घेऊन तयार झाल्या. मी रजा टाकून साताऱ्याहून थेट सांगलीला गेले.

अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी आक्कांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग आवाज चढवून विचारलं, “आजी, हे तुम्हाला गाडीतून नेतात, ते फुकट नेतात ना?”

वडिलांनी मान थोडी वर केली. एक ‘हो’ पुरेसा होता.

आक्कांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “फुकट?” त्या म्हणाल्या. “आवं सायेब, फुकट बसायला आमी काय भिकारी हाय व्हय? देवाम्होरं ठेवल्याबिगर मी एकदाबी उतरले न्हाई. गावात कुणालाबी इचारा. आमच्या फौजीला कुणी लुबाडत न्हाई.”

“म्हणजे पैसे देता?”

“देतो की. रोख.”

त्या समाधानानं आमच्याकडे वळल्या. गावाची आणि वडिलांची, दोघांची लाज राखल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी घाईघाईनं देवळाच्या पेटीचं सांगितलं. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, पावती आहे का? पेटीची पावती नसते. दहा रुपयांनी गॅस्केट कसं जळतं, असं वडिलांनी विचारलं. त्याचा संबंध नाही, पण नियम तसा आहे, असं उत्तर आलं. बाकीच्या गाडीची वॉरंटी या वेळी चालू ठेवतो, मात्र पुन्हा असं आढळलं तर तीही जाईल, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

आम्ही तिघं एसटीनं निघालो. वडिलांनी आक्कांना शेजारी बसवून घेतलं. काय बिघडलं ते त्यांना सांगणार तरी कसं? कंडक्टरनं आक्कांना फुकटचं तिकीट दिलं आणि त्यांनी ते सहज घेतलं. मी बघते आहे हे पाहून म्हणाल्या, “सरकारचं चालतं गं. सरकार काय आपल्या गावचं हाय?” मग विट्यापर्यंत त्या झोपल्या. त्यांचं डोकं वडिलांच्या खांद्यावर टेकलं होतं आणि ते हलले नाहीत.

गाडी दुरुस्त झाली, आमच्या पैशानं. वडिलांनी सिद्धनाथाची मूर्ती काढून घरातल्या देव्हाऱ्यात ठेवली. पहिल्याच सकाळी आक्का बसल्या. उतरताना त्यांचा हात सवयीनं पुढं गेला, नोटेसकट, आणि तिथं नुसता गोंदाचा डाग होता. त्यांनी नोट वडिलांपुढं धरली. वडील म्हणाले, “असू द्या आक्का. आता न्हाई घेता येत.” आक्कांनी का ते विचारलं नाही. नोट कनवटीला लावली आणि टोपली घेऊन गेल्या. हे मला आईनं सांगितलं.

हळूहळू फाट्यावर हात करणं थांबलं. कुणी रागावलं नव्हतं. पण देवाला द्यायची सोय गेली आणि नुसतं बसायला कुणी तयार होईना. शेंगा, अंडीसुद्धा वडील घेईनात. कुणी फोटो काढला तर, असं त्यांच्या मनात बसलेलं.

मागच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर पुढच्या सीटवर होते. मागं सगळी गाडी रिकामी. फाट्यावर आक्का टोपली घेऊन उभ्या होत्या. वडिलांनी वेग कमी केला, काच खाली घेतली. आक्कांनी आम्हाला पाहिलं. मग त्या दुसऱ्या बाजूला वळल्या आणि कपाळावर हात धरून एसटी येते का ते बघू लागल्या. ती बाजू आटपाडीहून गाड्या येण्याची होती. त्यांची एसटी तिकडून येणार नव्हती.

 वडिलांनी काच वर घेतली.