सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं

"जुनं ब्राझिलियन गाणं आहे, तुम्ही नक्की ऐकलंय," असं म्हणत तो छातीवर हात ठेवायचा आणि बिनदिक्कत स्वतः रचलेलं गाणं गायचा.

अबू धाबीतल्या आमच्या हॉटेलच्या लाउंजमध्ये तो रोज संध्याकाळी गिटार घेऊन बसे. मी वसईचा, तिथला कॅप्टन; जहाजाचा नव्हे, टेबलं सांभाळणारा. तो इटलीचा. तरुणपणी दोन वर्षं ब्राझीलमध्ये राहिला आणि तिथली लय अंगात मुरवून परतला. इटलीत त्याची एकच रेकॉर्ड निघाली. ती बहुधा त्याच्या आईनेच विकत घेतली असावी.

"खोटं का सांगतोस?" मी एकदा विचारलं.

"नवीन गाणं म्हटलं की लोक बिल मागतात, हबीबी."

तुम्हीही पाहिलं असेल, जुनं म्हटलं की सगळेच जाणकार होतात. रुवैसच्या रिफायनरीतले एक पुण्याचे साहेब दर गुरुवारी सहकुटुंब येत. ते बायकोला सांगत, "कॉलेजात असताना माझ्याकडे कॅसेट होती याची!" वहिनी मान डोलवत. मी ट्रेमागे हसू लपवी.

मग २००८ची मंदी आली. टेबलं रिकामी पडू लागली आणि पहिली कुऱ्हाड लाइव्ह म्युझिकवर पडली. "खलास," मॅनेजर म्हणाला.

शेवटच्या संध्याकाळी त्याने छातीवर हात ठेवला नाही. "आज खरं सांगतो. हे गाणं माझं आहे."

साहेब मोठ्याने हसले. "अरे, जाता जाता चोरी करतोय! आय हॅड द कॅसेट, यार!" आजूबाजूची टेबलंही हसली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. पण पाहुण्याला खोटं पाडायचं नाही, हा आमच्या नोकरीतला पहिला नियम. मी पाण्याचा जग उचलला. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

तो साहेबांपुढे किंचित झुकला. "कॅसेट जपून ठेवा, सर," म्हणाला आणि गाऊ लागला.

दोनेक वर्षांनी साहेबांनी नव्या कीबोर्डवाल्याकडे त्याच गाण्याची फर्माईश केली. त्याला ते येईना.

"एवढं फेमस गाणं येत नाही?" साहेब वैतागले.

"साहेब," मी म्हणालो, "ते खरंच त्या गिटारवाल्याचं होतं."

साहेब ग्लास फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "कॅसेट नव्हती रे माझ्याकडे."

ते उठून कीबोर्डपाशी गेले आणि ते गाणं गुणगुणू लागले. सुराला कच्चेच होते, पण चाल एकदाही चुकली नाही.

"किसका है, सर?" कीबोर्डवाल्याने विचारलं.

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "आमच्या इटलीवाल्याचं."