निळ्या पट्टीवर

आई गेल्याचं मला घरच्यांआधी एका अनोळखी बाईनं कळवलं. सांगलीच्या हॉस्टेलवर मी कपडे वाळत घालत होते. मावशीनं आईच्या यूट्यूब चॅनेलवर तिचा फोटो टाकला होता, तो बघून त्या बाईनं मला मेसेज केला: 'ताई, तुमची आई म्हणजे आम्हा सगळ्यांची आई होती.' मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. मग मेढ्याहून धाकट्या बहिणीचा, पिंकीचा फोन आला. "ताई, आई गेली गं… ओट्यापाशीच पडली." मला रडू आलं नाही. ती पट्टीवर पडली की पट्टीबाहेर, एवढंच मनात आलं. आता लिहितानाही त्याची लाज वाटते, पण आलं ते आलं.

पट्टीचं सांगायला हवं. मी पाचवीत असताना आईनं स्वयंपाकाचं चॅनेल काढलं. बाबा फौजेत, कायम लांब. त्यांना लेकी दिसाव्यात म्हणून व्हिडिओ सुरू झाले आणि बघता बघता कुठली कुठली माणसं आमच्या स्वयंपाकघरात डोकावायला लागली. आम्ही मोबाईलमध्ये नीट दिसावं म्हणून आईनं ओट्याशेजारी फरशीवर निळी चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर उभं राहायचं, आई पहिला घास भरवणार, आपण डोळे मिटून "लय भारी" म्हणायचं. मनासारखं झालं नाही की पुन्हा घास. आणि मोबाईल बंद झाला की त्याच हातानं लाटणं, उलथनं, सापडेल ते. एकदा मी व्हिडिओत आमटी खारट झालीय म्हणाले. संध्याकाळी दंडावर तापलेलं उलथनं बसलं. दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा ड्रेस घालून मी पुन्हा पट्टीवर उभी राहिले आणि "लय भारी" म्हणाले. खाली लोकांनी लिहिलं, 'किती प्रेमळ आई!'

युक्ती पिंकीची. मोबाईल चालू असताना आई मारत नाही, हे त्या एवढ्याशा पोरीनं हेरलं होतं. आईचा आवाज चढला की ती पळत जाऊन पट्टीवर उभी राहायची. "आई, व्हिडिओ करूया की!" आई क्षणभर थांबायची, पदराला हात पुसायची, मोबाईल लावायची. "नमस्कार मंडळी…" दुसऱ्यांच्या पोरी घाबरल्या की आजीमागं लपत असतील, आम्ही लपायला लोकांसमोर जायचो. बाबांना वाटायचं, पोरी हौशी आहेत. मी एकदा धीर करून फोनवर "बाबा, आई ना…" असं सुरू केलं होतं. "लय करती गं ती तुमच्यासाठी. बघतो की मी रोज," ते म्हणाले. रोज बघणाऱ्या माणसाला काय सांगणार?

तेरावं झाल्यावर मावशी म्हणाली, "पोरी, तू शिकलेली हायस. आईचा एक चांगला व्हिडिओ कर. लोकं वाट बघत्यात." बाबा शेजारीच होते. आता ते निवृत्त होऊन घरी असतात. ते म्हणाले, "हसरा कर. ती हसरीच हुती."

मी आईचा जुना मोबाईल घेऊन बसले. खरं सांगायचं तर श्रद्धांजलीपेक्षा मला माझं जुनं कुतूहल शमवायचं होतं. हसायची ती आई खरी, की मारायची ती? चॅनेलवर कधीच न टाकलेले बरेच व्हिडिओ सापडले. त्यांत पदार्थच नाही. गॅस बंद, तवा रिकामा, पट्टीवर आम्ही दोघी उगाच हसतोय. आईचा आवाज चढल्यावर पिंकीनं मागितलेले होते ते. आणि एकात पट्टीवर आई एकटीच होती. बाहेरून माझ्या रडण्याचा आवाज येतोय. शेजारी लाटणं. दोन्ही हात ओट्यावर दाबून ती उभी आहे. एकदा लाटणं उचलून दाराकडे निघते, मोबाईलकडे बघते… आणि परत पट्टीवर येते. बऱ्याच वेळानं मोबाईललाच सांगते, "झालं. आता न्हाई जात मी."

म्हणजे आईलाही ती युक्ती माहीत होती! आमच्याकडून शिकली की आपली आपण, कोण जाणे. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. तिची दया आली, आणि दुप्पट रागही आला. थांबता येत होतं, तर बाकीच्या वेळी का नाही थांबलीस? कुणाला घाबरून तू त्या पट्टीवर उभी होतीस, आई? तुझे हात तुला तरी कळत होते का? हे सगळं आता विचारायचं कुणाला…

हसरा व्हिडिओ मी केला नाही. स्वयंपाकघरात चहा पीत बसलेल्या बाबांसमोर मी तो मोबाईल ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. माझं रडणं ऐकू आलं तेव्हा कप खाली ठेवला.

"हे… नेहमीचं हुतं?" त्यांनी विचारलं.

दारातून पिंकी आत आली. सतरा वर्षांची घोडी झालीय आता. ती माझ्या शेजारी बसली नाही, बाबांजवळही गेली नाही. सरळ ओट्याकडे गेली आणि झिजून पांढुरक्या झालेल्या त्या पट्टीवर दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. समोर कुठलाच मोबाईल चालू नव्हता.

"व्हय, बाबा," ती म्हणाली.