एका ट्रान्झिस्टरची प्लेट

मंजू माझ्या कारंजा गावातल्या घरात मागच्या खोलीत भाड्याने राहते, याला चार वर्षे झाली. मानोऱ्याजवळच्या तांड्यातली. वडील सोमला ऊसतोडीला जायचे. फडावरचे बंद पडलेले रेडिओ उघडून उघडून ती शिकली. सतीशच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात सगळे अ‍ॅम्प्लिफायर तीच बनवायची, आणि वर पाटी सतीशची. याचा मला पहिल्यापासून राग.

यंदा तिच्या तांड्यातल्या भजनासाठी दुकानाची मशीन, म्हणजे तिने बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर, लागली. तिचे काम पहिल्यांदाच घरच्यांसमोर वाजणार होते. तिथले भजन गाणारे म्हातारे हेमला ज्यावर गातात तो जुना क्रिस्टलचा माइक. त्याचा जीव लहान. पुढच्या मशीनने जास्त ओढले की आवाज तिथेच बसतो. म्हणून मंजूने मधे एका ट्रान्झिस्टरची छोटी सर्किट-प्लेट घातली. ती आवाज वाढवत नाही, फक्त माइकवर भार पडू देत नाही. सतीशने मीटर लावून पाहिले: आत जेवढे, बाहेरही तेवढेच. बिनकामाची म्हणून त्याने ती काढून टाकली. मंजूने त्याला तीनदा बजावले. तिन्ही तारखा माझ्या वहीत आहेत. तो हसला.

तांड्यात हेमलांचे खालचे सूर गेले, आवाज पातळ झाला. तो भरावा म्हणून सतीशने व्हॉल्यूम चढवला. बारा व्होल्टच्या बॅटरीवर आवाजाची लाट तेवढ्यातच वरखाली होऊ शकते. ती दोन्ही टोकांना आपटून कापली गेली आणि कर्ण्यातून नुसती खरखर आली. लोक ओरडू लागले. सोमला मान खाली घालून बसले.

"मशीन मंजूनं बनवली," सतीश सगळ्यांसमोर म्हणाला, "तिलेच इचारा."

मी तिथेच बसले होते. त्याला सुनवायला मी उठलेच होते, पण मंजू आधी पुढे झाली. कचऱ्यातून उचलून ठेवलेली प्लेट तिने पिशवीतून काढली, बॅटरीवरच सोल्डरिंगची सळई तापवून चार वायरी जोडल्या आणि व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला. हेमलांनी थाळी वाजवली, गाणे उचलले. शेवटच्या घरापर्यंत भरदार आवाज गेला.

"एवढंसंच व्हतं, त आधी सांगाचं ना वं," सतीश म्हणाला.

"तीनदा सांगतलं. आता तुमच्या दुकानात चौथ्यांदा नाही सांगत." तिने दुकानाची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

आता तिचे टेबल माझ्या ओसरीत आहे. काल सतीश बिघडलेल्या दोन मशीन घेऊन आला. उन्हात उभा होता. मी त्याला बसा म्हटले नाही.