बंद रेडिओ आणि जित्याजवळच्या तारा

भूतबित सगळं थोतांड, असं मी आजही म्हणते. आमच्या रोह्यात कुणाच्या अंगात आलं की मी आधी हसणार, आणि आई माझ्यावर चिडणार! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय. पण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही...

तेव्हा मी विमान चालवायला शिकत होते. छोटं, एका इंजिनाचं. एप्रिल महिना, दुपारचे चार. एकटीच मुंबईकडे परतत होते आणि नको तो शहाणपणा केला. आई गच्चीवर उभी असणार म्हणून सगळे दिवे लावून घरावर दोन घिरट्या मारल्या. त्या नादात विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरकडे बघितलंच नाही. बघितलं तेव्हा काटा उणेमध्ये! अल्टरनेटर बंद पडलेला, म्हणजे वीज तयारच होत नव्हती. आणि बॅटरी मी दिव्यांवर उधळून बसले होते.

इंजिन या विजेशिवायही चालतं. पण रेडिओ गेला तर परवानगी मागून मुंबईच्या हद्दीत शिरायचं कसं? उरलीसुरली बॅटरी तिथे बोलायला राखावी म्हणून मी सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच बंद केला. हेडफोन मुका झाला. हे नीट लक्षात ठेवा — स्वतःच्या हाताने बंद केला.

पेणपुढे शेतांत राब भाजत होते, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळत होते. धूर इतका, की ज्यांच्या आधाराने चालले होते ते रेल्वेचे रूळच दिसेनात. म्हणून खाली आले. आणखी खाली... जिते गावाजवळ मिठागरं दिसली, जीवात जीव आला. तेवढ्यात कानात बाईचा आवाज, अगदी स्पष्ट.

"तारा हायत! वर जा, वर जा गो बाय!"

काही विचार न करता इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल पुढे ढकलला, नाक वर उचललं. हाय टेन्शनच्या तारा चाकांखालून गेल्या. मास्टर बघितला — बंदच.

राखलेल्या बॅटरीवर बोलून सुखरूप उतरले. क्लबमधले विमान शिकवणारे सर म्हणाले, "घाबरल्यावर होतात असे भास." झालं, विषय संपला! मला मात्र जेवण जाईना, झोप लागेना. तिसऱ्या दिवशी जित्याच्या मिठागरावर गेले. एक काकू मीठ ओढत होत्या. विमानाचं विचारताच हातातलं काम सोडून उभ्या राहिल्या.

"तू व्हतीस त्यात?"

"हो. काकू, तुम्ही ओरडलात म्हणून वाचले मी."

"मी नाय गो वरडले! वरडायला गेले, तर घशातून आवाजच फुटला नाय. नुसती मनात बोलत व्हते... तारा हायत, वर जा, वर जा गो बाय."

ते शब्द मी त्यांना सांगितले नव्हते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आन आत बाय हाय, ह्ये तरी मला कसं ठावं?" त्या पुटपुटल्या. मग माझा हात घट्ट धरून रडायलाच लागल्या. मीही रडले.

मी अजून उडते. पेण मागे पडलं की आजही जीव थाऱ्यावर राहत नाही. भास म्हणावा, तर दोघींचे शब्द एकच कसे? काकूंना माहीत नाही. मला तर नाहीच नाही.